सीमेबाहेरचा आपटा

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी सोलापुरात मधल्या मारुतीपासून टिळक चौकापर्यंत झेंडूच्या राशींशेजारी पानांचे भारे येऊन पडतात. त्या भाऱ्यांत हात घालून पान न पान बघायची मला सवय आहे. दर वर्षी तेच दिसतं: त्यातला बराचसा माल आपटा नसतोच, कांचन असतो. कांचनाचं पान मोठं, पातळ, रुंदीपेक्षा लांबीला जास्त. आपट्याचं पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंद, पाठीमागून फिकट. दोन्ही एकाच कुळातली झाडं, दोघांचीही पानं मधोमध दुभंगलेली, त्यामुळे सणाच्या घाईत कुणाच्या लक्षात येत नाही. विकणाऱ्या बाईंना मी बोल लावणार नाही. कांचन रस्त्याकडेला, बागेत, हाताशी असतो. आपट्यासाठी माळावर जावं लागतं, आणि माळावर गेलं तरी तो भेटेलच असं आता राहिलेलं नाही.

सोलापूरचा दसरा तीन भाषांत होतो. मराठी घरांत आपटा. पूर्व भागातल्या तेलुगू घरांत जम्मी, म्हणजे शमी. अक्कलकोटकडच्या कन्नड घरांत बन्नी, तीही शमीच. ‘बन्नी तोगोंडु बंगारदंग इरोण’ म्हणत लेकरं थोरांच्या पाया पडतात. आमच्या चाळीत लहानपणी दोन्ही झाडांची पानं एकाच तळहातावर यायची आणि रात्री देवापुढच्या ताटलीत एकत्र पडून असायची. दोन्ही झाडं कोरड्या मुलखातली, कमी पाण्यावर तगणारी. या मुलखानं सोनं म्हणून निवडलं ते नदीकाठचं डौलदार झाड नाही. मुरमात उभं राहणारं वाकडं-तिकडं झाड निवडलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आपटा दिसायला खरंच देखणा नाही. बुटका, खोड वळलेलं, साल काळपट आणि खरबरीत, फांद्या खाली झुकलेल्या. उन्हाळ्यात पांढुरक्या पिवळट फुलांचे तुरे येतात, तेही जवळ गेल्याशिवाय दिसत नाहीत. पावसाळ्यात शेंगा धरतात, हिवाळ्यात त्या पिकून काळ्या-तपकिरी होतात आणि वाळल्यावरही महिनोन्‌महिने फांदीलाच लटकून राहतात. सालीचा वाख चिवट असतो. पूर्वी त्याचे दोर वळत. पाला शेरडं आवडीनं खातात. आणि पानाच्या विड्या होतात, पण त्याबद्दल पुढे सांगते, कारण सोलापुरात विडीचा विषय एका ओळीत उरकता येत नाही.

दसऱ्याची तोड अगदी वाईट वेळी येते. अश्विनात झाडावर पान भरलेलं असतं, पण शेंगा अजून हिरव्या असतात, बी तयार झालेलं नसतं. फांदी उतरवली की पानाबरोबर पुढच्या पिढीचं बीही उतरतं. नुसती पानं खुडली तर झाडाला फरक पडत नाही. भारा बांधायचा म्हणून कोयत्यानं फांदीच उतरवतात, तिथं नुकसान होतं.

तरी आपटा विरळ होण्याचं सगळं खापर सणावर फोडणं बरोबर नाही. सोलापूरभोवतीचा माळ गेल्या दोन पिढ्यांत आक्रसला आहे. काही नांगराखाली गेला, काही मुरमाच्या खाणींत, काही प्लॉटिंगमध्ये. उरला त्यावर वेडी बाभूळ चढली. हे झाड अमेरिकेकडचं, एकोणिसाव्या शतकात सरपणासाठी आणि जमीन धरून ठेवण्यासाठी म्हणून आपल्याकडे आणलेलं. शेरडं तिच्या पाल्याला तोंड लावत नाहीत, पण गोड शेंगा मात्र खातात, आणि लेंड्यांतून बी माळभर पेरत जातात. आपट्याचं नेमकं उलटं होतं. त्याचा पाला खाल्ला जातो आणि बी मागं राहत नाही. त्याच माळावर, त्याच कळपाच्या तोंडून एक झाड वाढत गेलं आणि दुसरं खुरटत गेलं.

आमचा गट म्हणजे काही नोंदणीकृत संस्था नाही. रविवारी सकाळी जमणारी माणसं आहेत: वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक सर, बँकेत नोकरी करणारे दोघं, कॉलेजची पोरं, पूर्व भागातल्या एक अक्का, आणि सांगोल्याकडे डाळिंबाची बाग असलेला एक शेतकरी, जो शहरात मुलांच्या शिक्षणासाठी राहतो. आपटा माळावर परत आणायचा, एवढंच ठरलेलं होतं. कसा आणायचा यावर पहिल्या बैठकीतच दोन तट पडले. पोरांना खड्डे घ्यायचे होते, रोपं लावायची होती. सरांचं म्हणणं होतं की आधी चालायचं, कुदळ नंतर. सर म्हणाले, "माळ रिकामा आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

म्हणून आम्ही चाललो. नान्नज, मार्डी, वडाळा या पट्ट्यात, माळढोक पक्ष्याच्या अभयारण्याच्या हद्दीबाहेर, गायरानं आणि खासगी माळ, ओढ्यांचे काठ, शेताचे बांध. सोबत एक मेंढपाळ मामा असायचे. त्यांची शेरडं-मेंढरं पुढे, आम्ही मागे. एका ओघळीच्या कडेला गुडघ्याएवढं खुरटं झुडूप होतं. कुणीही ते झुडूप म्हणून सोडून दिलं असतं. पानं मात्र दुभंगलेली, जाड. सरांनी बुडाची माती हातानं बाजूला केली, तर खाली मांडीएवढं जाड, गाठाळलेलं खोड. वरून कितीदा तरी कुऱ्हाड बसलेली, दर वर्षी शेरडांनी शेंडे खाल्लेले, आणि तरी जिवंत.

"ह्येला म्या ल्हानपनापास्नं एवढंच बगतुया," मामा म्हणाले. "वाडत न्हाई, मरत बी न्हाई."

मामांचं वय सत्तरीच्या पुढे. म्हणजे ते मूळ त्याहून जुनं. वर दिसतं ते गुडघ्याएवढं, खाली मुरूम फोडून गेलेलं मूळ कित्येक दशकांचं. त्या दिवसानंतर माळाकडे बघायची नजर बदलली. ओघळीच्या कडांना, दगडी तालींच्या सांदीत, बोरीच्या जाळ्यांत असे खुंट दिसू लागले. आपटा या माळावरून गेलेला नव्हता. त्याला उभं राहू दिलेलं नव्हतं.

मला या सगळ्या कामातून सांगायचं आहे ते हेच. झाड परत आणायचं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे रोप, खड्डा आणि फोटो येतो. सोलापुरात वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही जूनमध्ये हूल देऊन सप्टेंबरात पडणारा. इथं पिशवीतलं रोप पहिला उन्हाळा काढेल याची खात्री कुणी देऊ नये. ज्या मुळानं 1972 चा दुष्काळ काढला, त्याला मात्र आपल्याकडून पाणीही नको असतं. त्याला हवी असतात तीन-चार वर्षं, ज्यात कुणी शेंडा खाणार नाही आणि कुणी कोयता लावणार नाही.

काम त्यामुळे सोपं दिसतं, पण ते कळायला हवं. एका खुंटाला दहा-बारा फुटवे असतात आणि सगळेच बारीक. त्यातले दोन जोमदार, सरळ, शक्यतो खोडाच्या अगदी तळातून आलेले ठेवायचे, बाकीचे काढायचे. इथं आमचा डाळिंबवाला कामाला आला. ज्यानं आयुष्यभर बागेची छाटणी केली त्याचा हात आणि आमचा हात यांत फार अंतर होतं. कुठला फुटवा सालीपुरता चिकटलेला आहे आणि वाऱ्यात फाटेल, कुठला लाकडातून आला आहे, हे तो बोटानं दाबून सांगायचा. काप तिरपा घ्यायचा, पाणी थांबता कामा नये. मोठ्या कापावर बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा लेप. सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, प्रत्येक झाडानंतर पुसायचं. पोरांनी हे सगळं त्याच्याकडून शिकून घेतलं, आणि खड्डे घेण्याचा आग्रह हळूहळू आपोआप मागे पडला.

मग कुंपण. तारेचं कुंपण परवडत नाही आणि माळावर टिकतही नाही. आम्ही वेडी बाभूळच तोडतो आणि तिच्या काट्यांचं कडं खुंटाभोवती घालतो. काटे वाळले की आणखी टोकदार होतात. एक-दोन पावसाळ्यांत ते कुजून बसतं, तोवर नवीन घालायचं. वेडी बाभूळ तोडल्यावर पुन्हा फुटते, म्हणून तिचं खोड जमिनीखालून काढावं लागतं. कंबर धरते, हातमोजे फाटतात. या कामाला फोटोत काही दिसत नाही, त्यामुळे एकदा येऊन परत न येणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि जे राहतात ते खरे राहतात.

पण कुंपणाचा खरा प्रश्न काट्यांचा नव्हताच. मामांनी तो पहिल्याच दिवशी काढला होता. "ताई, तुमी समद्या वगळी बांधून काडल्या, तर म्या शेरडं घिऊन जाऊ कुटं?" याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. मेंढपाळाला माळाबाहेर काढून माळ वाचवता येतो, असं मानणाऱ्यांशी मला कधीच जमलेलं नाही. हा माळ चरणाऱ्या जनावरांबरोबरच घडला. काळवीट होते, मेंढरं होती. शेवटी मामांनीच तोड सांगितली, आणि ती त्यांच्या वडिलांच्या काळची होती. एक ओघळ राखायची, बाकीच्या मोकळ्या. राखलेलीतली झाडं शेरडाच्या तोंडाच्या वर गेली की ती मोकळी करायची आणि दुसरी धरायची. राखलेल्या ओघळीतलं गवत दिवाळीनंतर कापून न्यायला मुभा. कुठली ओघळ आधी, हे त्यांनी आणि गावातल्या इतर मेंढपाळांनी ठरवलं, ग्रामपंचायतीत ते बोललं गेलं, आणि ते पाळलं जातं. आमचं काम तिथं फक्त ऐकण्याचं होतं.

जिथं मूळच उरलेलं नाही तिथं मात्र बी लागतं. हिवाळ्याच्या शेवटी आम्ही बार्शी-तुळजापूरकडच्या बालाघाटाच्या उतारांवर जाऊन शेंगा गोळा करतो. वेगवेगळ्या झाडांच्या, एकाच झाडाच्या नाही, आणि झाडावर निम्म्याहून जास्त शेंगा सोडूनच. बियांचं कवच कठीण असतं. गरम पाणी ओतून रात्रभर भिजत ठेवायचं, सकाळी फुगलेलं बी वेगळं करायचं आणि लावायचं.

हे बियांचं खातं अक्कांकडे आहे. अक्कांच्या घरात तीन पिढ्या बायका विड्या वळतात. सोलापुरात गिरण्या बंद पडल्या, मग यंत्रमागावरही मंदी आली. अशा काळात कित्येक घरं बाईच्या सुपावर चालली, त्यातलं हे एक. विडीला मुख्य पान टेंभुर्णीचं, म्हणजे तेंदूचं, पण आपट्याचंही वापरलं जायचं, कमी प्रतीचं म्हणून. मी पहिल्यांदा त्यांच्या हातात आपट्याची डहाळी दिली तेव्हा त्यांनी पान अंगठ्यानं एकदा वळून पाहिलं आणि म्हणाल्या, "टेंभुर्णीचं पान कसं, वळताना ऐकतंय. हे ऐकत नाही." पानाची ओळख त्यांना आमच्या कुणाहीपेक्षा जास्त आहे. एका नजरेत त्या कांचन बाजूला काढतात. बिया निवडताना भोक पडलेली, पोचट, अर्धवट बी त्यांच्या बोटांतून सुटत नाही. ही बोटं आयुष्यभर मोजून पैसे मिळवत आली. आज ती कुणी न मोजता, कुणी न सांगता बिया निवडतात, आणि अक्का त्या वेळी फार खुशीत असतात.

रोपं कुठं लावायची, यावर आम्ही सगळ्यात जास्त भांडलो, आणि भांडलो ते बरं झालं. माळाच्या मधोमध नाही, हे माझं ठाम मत. ओघळीच्या कडा, दगडी उतार, शेताचे बांध, देवळाभोवतीची जागा. तिथं आपटा आधीपासून होता, तिथंच तो असावा. मोकळं गवत मोकळंच राहू द्यावं. सरकारी कागदावर माळ ‘पडीक’ म्हणून लिहिला जातो आणि मग पडीक जमिनीवर झाडं लावणं पुण्याचं ठरतं. पण पवन्या, मारवेल, कुसळी ही गवतं म्हणजे काही झाडांची वाट बघत बसलेली जागा नव्हे. ते पूर्ण झालेलं रान आहे. लांडगा, खोकड, धाविक, चंडोल, सगळे त्या उघडेपणावर जगतात. माळढोक तर उघड्या जमिनीवर एकच अंडं घालतो. त्याला दूरवर दिसावं लागतं.

नान्नजनं हे फार पूर्वी दाखवून दिलं होतं. 1972 च्या दुष्काळानंतर दुष्काळप्रवण क्षेत्र कार्यक्रमातून तिथल्या माळाचे तुकडे चराईपासून राखले गेले. गवत उठलं आणि त्या गवतात माळढोक दिसू लागले. 1979 साली अभयारण्य जाहीर झालं. तिथली गवतं परत आली ती राखल्यामुळे. आज माळढोक दिसला तर वर्तमानपत्रात बातमी होते, इतका तो दुर्मीळ झाला आहे. कुणी प्रेमानं का होईना, त्या गवतात आपट्याची रांग लावली तर मला ते बघवणार नाही. पोरांपैकी काहींना हे अजूनही पटलेलं नाही. सोन्याचं झाड आहे, लावू तिथं लावू, असं ते म्हणतात. वाद चालू आहे.

कौत्साची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली. गुरू वरतंतूंनी मागितलेल्या चौदा कोटी मोहरांसाठी तो रघुराजाकडे आला. राजानं सर्वस्व दान केलेलं, मग कुबेरानं मोहरांचा पाऊस पाडला. पण त्या गोष्टीतली मला आवडणारी जागा पुढे आहे. राजा म्हणाला, सगळं तुझ्यासाठीच आलंय, घेऊन जा. कौत्सानं चौदा कोटीच उचलले. एक मोहर जास्त नाही. उरलेलं सोनं झाडाखाली तसंच राहिलं आणि लोकांनी नेलं. आपण दसऱ्याला ही गोष्ट लुटण्याची म्हणून सांगतो, पण तिचा नायक मोजून घेणारा आहे.

आणि जुना दसरा माणसाला गावाबाहेर नेत होता. सीमेवर जायचं, झाडाची पूजा करायची, झाडाशी उभं राहून पान घ्यायचं आणि परत यायचं. निदान वर्षातून एकदा गावाला आपल्या आपट्याची अवस्था दिसत होती. कुणी तोडला, कुणी जाळला, हे कळत होतं. आता भारा दारात येतो, त्यामुळे झाड राहिलं का गेलं हे कळायला मार्गच उरला नाही. म्हणून गेले काही दसरे आम्ही दुपारनंतर घरच्यांना घेऊन मार्डीकडच्या एका राखलेल्या ओघळीवर जातो. हळद-कुंकू, अक्षता, मग प्रत्येकानं एक पान, तेही खालच्या फांदीचं, शेंगेला धक्का न लावता. अक्का शेजारच्या दोन शमींची पूजा आधी करतात, त्यांच्या घरचा रिवाज तसा. मामा फेटा बांधून येतात. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी सगळ्यांची मिळून होते. कॉलेजातल्या एका मुलीची आजी वाकून एवढ्याशा झाडाच्या पाया पडली आणि म्हणाली, "आमच्या गावाला वेशीबाहेर होता हा. लेकरांना दाखवायला पाहिजे होता तवाच." नातीनं आजीला खुंट दाखवला, फुटवे दाखवले, कुठला ठेवला आणि का ठेवला ते सांगितलं.

आता बांधाकडे वळायचं आहे. बांधावर आपटा हवा असलेले शेतकरी विचारतात, रोप मिळेल का. आम्ही उलट विचारतो, बांध एकदा नीट पाहिलात का? ज्यांच्याकडे जमीन आहे त्यांना हे सांगायचं म्हणून इथं लिहून ठेवते. बांध पेटवण्याआधी बोरीच्या जाळीत, दगडांच्या सांदीत दुभंगलेल्या पानाचं खुरटं झुडूप दिसतं का बघा. पान लांबीपेक्षा रुंद असेल तर आपटा समजा. बुडाची माती उकरून खोड जाड आहे का पाहा. असेल तर रोप आणू नका, पाणीही घालू नका. पानगळ झाल्यावर, पौष-माघात, तळातले दोन फुटवे ठेवून बाकीचे तिरप्या कापानं काढा. पावसाळ्यात छाटू नका, काप कुजतो. भोवती बोराटीचं कडं घाला आणि भोवतालचं वाळलं गवत हातभर अंतरापर्यंत काढा, म्हणजे बांधाची आग आली तरी खोडापर्यंत पोचणार नाही. दुसऱ्या पावसाळ्यानंतर दोनातला एक काढायचा की दोन्ही ठेवायचे, हे झाडाकडे बघून ठरवा. आमचा डाळिंबवाला म्हणतो, वाऱ्याच्या बाजूला असेल तर दोन्ही ठेवा.